कोणत्या सालापासून मोजायचे?

एखाद्या देशाला 'तू कोण?' असे विचारले, तर तो बहुधा आपली भाषा सांगतो, आपला धर्म सांगतो, नाहीतर पूर्वजांची माती दाखवतो. अमेरिकेला हाच प्रश्न विचारला तर ती एक कागद पुढे करते. ४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियात मंजूर झालेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा. सर्व माणसे समान आहेत, असे तो कागद म्हणतो. इंग्रज, आयरिश, इटालियन, ज्यू, आफ्रिकी, चिनी, मेक्सिकन आणि अलीकडे आपले पुण्या-मुंबईचे इंजिनिअर. इतक्या तऱ्हेच्या माणसांना बांधायला रक्ताचे नाते पुरत नाही. म्हणून तिथे इतिहास हाच नात्याचा धागा झाला. आणि म्हणूनच तिथले इतिहासाचे भांडण अभ्यासकांपुरते राहत नाही. या घरात कोणाची जागा कोणती, असे ते घरातले भांडण असते.

हे भांडण त्या कागदाच्या जन्मापासूनचे आहे. जाहीरनामा प्रामुख्याने लिहिला थॉमस जेफरसन यांनी. त्यांच्या कच्च्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा कडक निषेध होता; काँग्रेसने तो मजकूर काढून टाकला. पण निषेध लिहिणाऱ्या जेफरसन यांच्या मालकीतही आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. पुढे १७८७ मध्ये राज्यघटना तयार झाली. तिचा आरंभ 'आम्ही लोक' असा आहे. या घटनेत 'गुलाम' हा शब्द कुठेही नाही. मात्र कोणत्या राज्याला किती प्रतिनिधी मिळणार, हे ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब तिने मान्य केला. शब्द टाळला, व्यवहार ठेवला. १७९० च्या कायद्याने तर बाहेरून येणाऱ्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसालाच नागरिक होता येईल, असे ठरवले.

म्हणजे 'आम्ही' हा शब्द छोटा आणि त्याचे दार त्याहून छोटे. दाराबाहेरची माणसे मात्र गप्प नव्हती. पश्चिम आफ्रिकेतला उमर इब्न सईद हा शिकलेला मुसलमान १८०७ मध्ये गुलाम म्हणून चार्ल्स्टन बंदरात उतरवला गेला. १८३१ मध्ये त्याने आपली आत्मकथा अरबीत लिहिली. तिचा आरंभ त्याने कुराणातल्या 'अल्-मुल्क' या सूऱ्याने केला. मुल्क म्हणजे सत्ता, स्वामित्व; आणि खरे स्वामित्व ईश्वराचे, हा त्या सूऱ्याचा आशय. ज्याच्यावर दुसऱ्याची मालकी आहे, अशा माणसाने ही निवड करावी, यात बरेच काही आले. दुसरा आवाज फ्रेडरिक डग्लस यांचा. गुलामगिरीतून निसटलेले हे वक्ते ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर शहरात उभे राहिले आणि चार जुलैचा हा सण गुलामाला काय सांगतो, असा प्रश्न त्यांनी गोऱ्या श्रोत्यांना विचारला. जाहीरनामा त्यांनी नाकारला नाही. तो पाळा, एवढेच त्यांचे मागणे होते.

१८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: काळा माणूस, मग तो गुलाम असो वा मुक्त, या देशाचा नागरिक होऊ शकत नाही. चार वर्षांत यादवी युद्ध पेटले. त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले.

या युद्धाच्या मध्यावर, १९ नोव्हेंबर १८६३ रोजी, गेटिसबर्गच्या रणभूमीवर अब्राहम लिंकन दोन-तीन मिनिटेच बोलले. सुरुवातीलाच त्यांनी एक हिशेब मांडला: सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी हे राष्ट्र जन्मले. १८६३ मधून सत्त्याऐंशी वजा करून पाहा. उत्तर येते १७७६. घटना लिहिली गेली ते १७८७ हे साल नव्हे. घटनेत गुलामीशी तडजोड होती, जाहीरनाम्यात समतेचे वचन होते. राष्ट्राचा वाढदिवस वचनाच्या दिवशी, असे लिंकन यांनी ठरवून टाकले. साल निवडले की पूर्वज निवडले जातात, आणि पूर्वज निवडले की वारसही ठरतात.

युद्धानंतर वचनाला कायद्याचे बळ आले. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली. गंमत म्हणजे या दुरुस्तीच्या इंग्रजी मजकुरात अमेरिकेसाठी अनेकवचनी सर्वनाम आहे. देश एक झाला, तरी भाषेत तो अजून अनेक राज्येच होता. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने सांगितले की या भूमीवर जन्मलेला आणि तिच्या कायद्याच्या अधीन असलेला प्रत्येक जण नागरिक आहे. हे वारे आपल्याकडेही पोचले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली.

पण हरलेल्या दक्षिणेने आपला वेगळा इतिहास रचला. युद्ध गुलामीसाठी नव्हतेच, राज्यांच्या हक्कांसाठी होते, असे सांगणारा. त्या इतिहासाचे पुतळे चौकाचौकांत उभे राहिले. त्यांतले बहुतेक युद्ध संपून कित्येक वर्षे उलटल्यावर, काळ्यांचे हक्क हिरावले जात होते त्या काळात. रिचमंडमधला सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा १८९० मध्ये बसवला गेला आणि २०२१ मध्ये उतरवला गेला.

आपल्या माणसांनाही या 'आम्ही'ची उंची मोजावी लागली आहे. पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरीही १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सर्वसामान्य समजुतीप्रमाणे ते 'गोरे' नाहीत, सबब नागरिक होऊ शकत नाहीत. भारतीयांना ते दार उघडले १९४६ मध्ये. १९६५ च्या कायद्याने मूळ देश पाहून ठरवलेले जुने कोटे रद्द केले, आणि त्यानंतरच मराठी कुटुंबे तिथे मोठ्या संख्येने जाऊ लागली. या १९६५ मागे काळ्यांच्या चळवळीने तयार केलेली हवा होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये वॉशिंग्टनला जाहीरनाम्याची तुलना न वटलेल्या वचनचिठ्ठीशी केली होती. तिथे आरामात स्थिरावलेल्या आपल्या मंडळींनी हे ऋण विसरू नये.

भांडण अजून मिटलेले नाही. २०१९ मध्ये एका वृत्तपत्राच्या उपक्रमाने सुचवले की अमेरिकेची गोष्ट १६१९ पासून सांगावी, म्हणजे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीस-एक आफ्रिकी बंदी उतरवले गेले तेव्हापासून. त्याला उत्तर म्हणून २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आयोग नेमला. त्याचे नावच '१७७६'. २०२१ मध्ये १९ जून हा दिवस राष्ट्रीय सुटीचा झाला, कारण १८६५ च्या त्या दिवशी टेक्सासमधल्या गुलामांना मुक्तीची वार्ता अधिकृतपणे सांगितली गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये, आईवडील बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असतील तर त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व नाही, असा आदेश ट्रम्प यांनी काढला. त्याला लगेच न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि वाद पुन्हा १८६८ च्या त्याच वाक्याच्या अर्थावर आला. आता त्या वाक्याला कोणत्या मराठी पाळण्याची दोरी बांधलेली आहे, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या घटनेचा आरंभही 'आम्ही'नेच होतो. म्हणून ही गोष्ट आपण दुरून ऐकली तरी परकी मानू नये. 'आम्ही' हे सर्वनाम फार सोयीचे आहे. बोलणाऱ्याने कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे ते स्वतःहून सांगत नाही. ते दर पिढीला विचारून घ्यावे लागते.

उमर इब्न सईद गुलाम म्हणूनच वारला. त्याच्या आत्मकथेचे हस्तलिखित २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये दाखल झाले. जेफरसन यांच्या हातचा जाहीरनाम्याचा कच्चा मसुदाही त्याच ग्रंथालयात आहे. अमेरिकेची ओळख वाचायची असेल, तर हे दोन्ही कागद वाचावे लागतात.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)