विष उतरवणारा आराखडा

भातलावणीच्या दिवसांत ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात, वैशाखरे-टोकावडे पट्ट्यात साप बांधावर येतात, घरात शिरतात. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावते. मग पहिला तास भगताकडे जातो की प्रतिविषाच्या बाटलीपाशी, यावर जीव अवलंबून असतो.

2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. यातले बहुतेक खेड्यांत, घरीच झालेले. दवाखान्याच्या नोंदवहीत ते येत नाहीत, म्हणून नियोजनातही येत नाहीत. दंश आणि मृत्यूची नोंद सक्तीची करा, असे केंद्राने राज्यांना कळवले ते 2024च्या नोव्हेंबरात.

पूर्वी ठाणे जिल्ह्यातच असलेल्या डहाणूत आयसीएमआरच्या मुंबईतील प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने पाहणी केली. दंशावर आवळपट्टी बांधणे, चिंचोके किंवा लोहचुंबक लावणे, भगताकडे नेणे हे उपाय आदिवासी पाड्यांवर चालत असल्याचे 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. आपल्याला पुरेसे प्रशिक्षण मिळालेले नाही, असे सरकारी डॉक्टरांनीही सांगितले. पाड्यावर जाऊन विचारल्याशिवाय हे कळले नसते.

असे संशोधन प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही होते, हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवले आहे. रायगडमधल्या बिरवाडीत विंचूदंशाचे रुग्ण बारकाईने तपासून त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन वापरात आणले. पूर्वी शंभरातले चाळीसेक रुग्ण दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले.

राज्याचे शिक्षणाचे आणि आरोग्याचे नियोजन मात्र तीन दारांत विभागलेले आहे. कला-विज्ञान महाविद्यालयांचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा 2016च्या विद्यापीठ कायद्याने होतो. वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. आरोग्य केंद्रे जिल्हा परिषद चालवते, तीही लोकसंख्येच्या निकषावर: डोंगरी-आदिवासी भागात 20 हजारांमागे एक. कोणत्या तालुक्यात नवे महाविद्यालय हवे, हे आराखडा सांगतो. त्या महाविद्यालयाने तालुक्याचा कोणता प्रश्न अभ्यासावा, हेही त्याने सांगायला हवे.

मुरबाडजवळ शिवळ्याला घोलप महाविद्यालय आहे, शहापूरला सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय. तिथली मुले याच गावांतून येतात, भगताला आणि आशाताईंना नावानिशी ओळखतात. दंश कधी झाला, आधी कुठे नेले, गाडी किती वेळाने मिळाली, प्रतिविषाच्या किती बाटल्या लागल्या, एवढी माहिती त्यांनी आरोग्य केंद्राबरोबर दर पावसाळ्यात गोळा केली आणि तिला अभ्यासक्रमात गुण व थोडा निधी मिळाला, तर कोणत्या केंद्रात किती साठा आणि कुणाला प्रशिक्षण हे ठरवता येईल. सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय मुदत 2030 आहे.