खेळातली मारामारी, खेळातला पैसा आणि आपली पोरं

"ताई, पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर गोळ्या झाडत बसतो. हाक मारली की अंगावर येतो. उद्या गुंड तर नाही ना होणार?"

इंदोरा असो की रामेश्वरी, वस्तीत आरोग्य शिबिर लावलं की बीपी-शुगरच्या रांगेत एखादी तरी आई हा प्रश्न विचारतेच. प्रश्न झोपेचा आहे, रागाचा आहे, घरच्या पैशाचा आहे. म्हणजे तो आरोग्याचाच आहे. पण उत्तर शोधायचं तर आधी पोरगा खेळतो काय, हे समजून घ्यावं लागेल. न पाहिलेल्या गोष्टीवर रागावलं की पोरं मनातल्या मनात हसतात आणि पुढचं सगळं लपवतात.

खेळात असतं तरी काय?

गुन्हेगारीवरच्या खेळांत सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो', पोरांच्या भाषेत 'जीटीए'. पहिला भाग १९९७ साली आला. २००२ साली आलेला 'वाइस सिटी' आपल्याकडे घरोघरी पोचला. आज जे बाप आहेत, त्यांतल्या कित्येकांनी तो सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळलेला आहे. पंधरा वर्षं तुरुंगात काढून सुटलेला एक माणूस, नशेच्या मालाचा फसलेला व्यवहार, गेलेले पैसे, आणि ते परत मिळवण्यासाठी एकामागून एक 'मिशन', अशी त्याची गोष्ट. पाचवा भाग २०१३ साली आला. हे खेळ बनवणाऱ्यांनीच मोठ्यांसाठी बनवले आहेत. युरोपात त्यांवर 'अठरा वर्षांवरील' असा शिक्का असतो. आपल्या घरी मात्र नऊ-दहा वर्षांचं पोट्टंही ते खेळतं, कारण तो शिक्का कुणी वाचत नाही.

सगळीच पोरं जीटीए खेळतात असं नाही. फोनवर फ्री फायर मॅक्स आणि बीजीएमआय जास्त चालतात. तिथं गोष्ट वेगळी, पण दोन गोष्टी सारख्याच: लढाई अवघड होत जाते, आणि काहीतरी कमावल्यासारखं वाटत राहतं. पोरगा उठत का नाही, याचं उत्तर या दोन गोष्टींत आहे.

लढाई मुद्दामच अवघड केलेली असते

वाइस सिटीत सुरुवातीला चार-दोन माणसं समोर येतात. मग बंदुकवाले येतात. गुन्हा केला की पडद्यावर तारा लागतो. एका ताऱ्याला साधा पोलीस मागे लागतो, आणि सहा तारे झाले की थेट लष्कर उतरतं. मेलात तर खेळ संपत नाही. तुम्ही दवाखान्याच्या दारात उभे राहता, हत्यारं गेलेली असतात, थोडे पैसे कापलेले असतात, आणि मिशन पुन्हा पहिल्यापासून. त्यात रिमोटवरचं छोटं हेलिकॉप्टर उडवून बांधकामाच्या इमारतीत बॉम्ब ठेवायचं एक मिशन आहे. त्या काळच्या पोरांना विचारा, ते मिशन किती रात्री खाऊन गेलं ते सांगतील.

खेळ फार सोपा असला तर पोरगा कंटाळतो, फार अवघड असला तर सोडून देतो. म्हणून बनवणारे तो मधोमध ठेवतात. हरलो, पण अगदी थोडक्यात; आता एकदाच, या वेळी जमेल. 'थोडक्यात हुकलं' ही भावना मेंदूला जिंकण्याइतकीच ओढ लावते. बक्षीस मिळेल या आशेनं मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं, आणि बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की ती ओढ आणखी वाढते. जत्रेतल्या रिंग फेकायच्या दुकानावर माणूस रेंगाळतो तो याचमुळे.

शरीरातही हालचाल होते. पडद्यावरचा शत्रू खोटा असला तरी ॲड्रेनॅलिन खरं सुटतं. छातीचे ठोके वाढतात, तळहात घामेजतात, श्वास उथळ होतो, स्नायू ताठ होतात. नेमक्या त्या क्षणी आई फोन हिसकावते आणि पोरगा खेकसतो. तो उर्मटपणा असेलही, पण पुष्कळदा ते लढाईच्या पवित्र्यात असलेलं शरीर असतं. ते शांत व्हायला थोडा वेळ लागतो. शिवाय इंटरनेटवर चार जणांसोबत चालणारी फेरी मध्येच थांबवता येत नाही. आपला एक उठला की सोबतचे हरतात. म्हणून 'आत्ताच्या आत्ता बंद कर' यापेक्षा 'ही फेरी संपली की फोन माझ्या हातात' हे जास्त लागू पडतं. ठरलेली फेरी संपल्यावर मात्र सूट द्यायची नाही.

पैसा : खेळातला ठेकेदार बुडवत नाही

आता कमाईचं पाहू. वाइस सिटीत मिशन पूर्ण झालं की पैसे मिळतात. दुकान लुटूनही मिळतात. पण सरळ कामंही आहेत. टॅक्सी चालवा, पिझ्झा पोचवा, रुग्णवाहिका चालवा. रुग्णवाहिकेच्या कामाचे बारा टप्पे आहेत. पहिल्यात एक रुग्ण, दुसऱ्यात दोन, असे एकूण ७८ रुग्ण वेळेत दवाखान्यात पोचवायचे. वेळ संपली की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून. बारावा टप्पा पार पडला की कितीही पळा, दम लागत नाही. पिझ्झाचे दहा टप्पे केले की जीव वाढतो. पुढं मालमत्ता विकत घेता येते, आणि तिची कामं पूर्ण केली की तिथं रोज पैसे जमा होतात.

यातली खोच लक्षात घ्या. इथं केलेल्या कामाचा मोबदला पाच मिनिटांत पडद्यावर दिसतो. बाप महिनाभर बांधकामावर राबतो आणि ठेकेदार 'पुढच्या शनिवारी' म्हणतो. दादा पदवी घेऊन तीन वर्षं भरतीची वाट पाहतो. खेळात मात्र कुणी आडनाव विचारत नाही, ओळख लागत नाही, मजुरी बुडत नाही. मेहनत केली की पायरी चढायला मिळते. खऱ्या आयुष्यात जी शिडी दिसत नाही, ती पोराला इथं दिसते. तो आळशी आहे म्हणून तिथं रमतो असं धरून चाललात तर दुखणं एक आणि औषध दुसरंच, असं होईल.

पण ही शिडी पडद्याबाहेर कुठंच जात नाही. उलट अलीकडच्या खेळांत तिच्या पायऱ्या विकायला ठेवल्या आहेत. जीटीएच्या ऑनलाइन खेळात गाड्या-बंगल्यांच्या किमती इतक्या मोठ्या आहेत की खेळून कमवायला बरेच तास लागतात. ज्याला तेवढा धीर नाही, त्याच्यासाठी कंपनी 'शार्क कार्ड' विकते: खरे पैसे द्या, खेळातले डॉलर घ्या. फ्री फायरमधले 'डायमंड' आणि बीजीएमआयमधली 'यूसी' हा तसाच व्यवहार. त्यातून कपडे आणि बंदुकीचे रंग मिळतात, रुपये परत मिळत नाहीत. आईच्या फोनवर यूपीआय चालू असेल आणि पिन पोराला ठाऊक असेल, तर शंभर-दोनशे करत किती गेले ते महिनाअखेरीस कळतं.

आणखी एक फसवणूक आहे. जीटीएचा पाचवा भाग फोनमध्ये उतरवून घेता येईल असा कंपनीनं काढलेलाच नाही. 'फोनवर जीटीए फाइव्ह फुकट' अशी लिंक दिसली तर ती खोटी आहे असंच समजा. अशा फाइलमधून फोनमध्ये चोर शिरू शकतो, आणि ओटीपी, बँकेचे मेसेज, घरचे फोटो त्याच्या हाती पडू शकतात.

इथून जुगार एक पाऊल दूर

खेळातल्या कमाईची चटक लागली की 'खरे पैसे कमवा' म्हणणारी जाहिरात गोड वाटू लागते. रमी, रंग ओळखा, आकडा ओळखा. सुरुवातीला दोनदा जिंकू देतात आणि मग घरदार ओढून घेतात. २०२३ च्या जुलैमध्ये आपल्याच नागपुरातल्या एका व्यापाऱ्यानं ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपयांना फसवलं गेल्याची तक्रार दिली आणि पोलिसांचे छापे गोंदियापर्यंत गेले. ज्याच्याकडे कोटी होते त्याचे कोटी गेले. आपल्याकडे बचत गटाचा हप्ता आणि पोरीच्या फीचे पैसे असतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. शिक्षा चालवणाऱ्याला आहे. खेळून फसलेल्याला गुन्हेगार धरलेलं नाही. म्हणून पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणं कठीण.

मग पोरगा गुंड होतो का?

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२० साली या विषयावरचा अभ्यास पुन्हा तपासला. असे खेळ आणि चिडचिड, ओरडणं, ढकलाढकली यांत थोडा संबंध दिसतो. पण खऱ्या हिंसेचं खापर या खेळांवर फोडायला पुरेसा आधार नाही, असं त्यांनी सांगितलं. माणूस हत्यार उचलतो त्यामागं घरातली मारहाण, दारू, बेकारी, संगत अशी बरीच कारणं असतात.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या वस्तीतल्या पोराला 'गुंड' म्हणायला बाहेरचे लोक तयारच असतात. २०१९ साली राजकोटच्या पोलिसांनी पबजीवर बंदी घालून खेळणाऱ्या तरुणांना अटक केली होती. मोठ्या सोसायटीतला मुलगा हाच खेळ खेळला तर त्याला 'गेमर' म्हणतात. निदान आईबापांनी तरी पोराच्या कपाळावर तो शिक्का मारू नये. जे पोर रोज 'गुंड' ऐकतं, ते एक दिवस त्या नावाला ओ देऊ लागतं.

एक खोटं मात्र खेळ नक्की शिकवतो. तिथं पिझ्झा खाल्ला की जखम भरते. वॉर्डात काम केलेल्या बाईला विचारा. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं, आणि मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांत जीव जातो. पोरांना हे स्पष्ट सांगा, आणि हेही शिकवा: वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, रुतलेला चाकू उपसायचा नाही, १०८ ला फोन करायचा.

खरी काळजी कधी करायची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच्या तीन खुणा. खेळण्यावर ताबा राहत नाही. अभ्यास, जेवण, मित्र यांपेक्षा खेळ पुढं जातो. नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं, किंवा वाढतं. हे साधारण वर्षभर टिकलं आणि घर-शाळा-काम बिघडलं, तर तो आजार. सुट्टीत चार दिवस जास्त खेळला म्हणून पोरगा आजारी होत नाही. पण खूण दिसली तर वर्ष पुरं व्हायची वाट पाहू नका.

घरी एवढं करा

झोप आधी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते, त्याहून लहानाला नऊ ते बारा. झोपण्याआधी तासभर फोन बंद. रात्री सगळ्यांचे फोन, बापाचाही, एकाच ठिकाणी चार्जिंगला.

यूपीआयचा पिन पोराला सांगू नका. खेळात काही विकत घ्यायचंच असेल तर आधी विचारायचं, हा नियम करा.

आठवड्यातून एकदा शेजारी बसून खेळ पाहा. 'हे मिशन अवघड का?' विचारा. पोरगा भडाभडा बोलेल, आणि तो कुणाशी खेळतो, काय खर्च करतो, ते बोलण्यातून आपोआप कळेल.

फोन काढून घेतला तर त्या जागी काहीतरी द्या. मैदानावरची कबड्डी, विहारातली अभ्यासिका, सायकल दुरुस्तीचं काम, काहीही. पण जिथं मेहनतीचं फळ लवकर दिसेल असं. रिकामा हात पुन्हा फोनकडेच जातो.

मारू नका. मारानं खेळ सुटत नाही, फक्त लपतो.

पोरगा शाळा सोडू लागला, जेवण टाकू लागला, घरातून पैसे जाऊ लागले, किंवा 'जगून काय करू' असं बोलला, तर त्याच दिवशी १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. ही सरकारी सेवा फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे मनोविकार विभागाची ओपीडी आहे. तिथं जाणं म्हणजे वेडं असणं नव्हे. दात दुखला तर आपण दातांच्या डॉक्टरकडे जातो, तसंच हे.