लहान मुलासह एक दिवसाची सहल : जेवण व झोप यांचे नियोजन



दिवाळीची सुटी संपून शाळा भरू लागल्या, की सहलींचे बेत सुरू होतात. ठिकाण कोणते, गाडी कोणती, वर्गणी किती, यांची शिक्षकांच्या बैठकीत व पालकसभेत पुष्कळ चर्चा होते. प्राथमिक शाळेच्या सहलीत मुलांबरोबर काही माताही येतात आणि त्यांपैकी एकदोघींच्या कडेवर दीडदोन वर्षांचे मूल असते. या मुलाचा विचार त्या चर्चेत सहसा कोणी करीत नाही. सहलीच्या दिवशी दुपारी दोन वाजता मात्र सर्वांना त्याच्यावाचून दुसरा विचार सुचत नाही. कुटुंबाच्या खाजगी सहलीतही हाच अनुभव येतो.

१ ते ३ वर्षे वयाच्या मुलास बरोबर घेऊन दिवसभराची सहल कशी आखावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. पालकसभेत हा विषय मांडताना त्याचा उपयोग व्हावा, असा हेतू आहे.

एक स्वानुभव

प्रथम माझीच एक चूक सांगतो. गोष्ट सुमारे २५ वर्षांपूर्वीची. अध्यापनाचे शिक्षण घेताना मी बालमानसशास्त्राचा अभ्यास केलेला होता. माझी मुलगी तेव्हा २० महिन्यांची होती. साताऱ्याहून सकाळी सातला निघावे, वाई, पाचगणी व महाबळेश्वर पाहावे आणि रात्री परतावे, असा बेत मी मोठ्या हौसेने केला. मुलगी रोज साडेअकराला जेवत असे व त्यानंतर दीडदोन तास झोपत असे. बेतात या गोष्टीस कोठेही स्थान नव्हते.

पसरणीच्या घाटात तिला डुलकी लागली. पाचगणीस गाडी थांबताच मी तिला उठविले. पुढे एकामागून एक स्थळे पाहताना जेवणास सव्वादोन वाजले. समोर आलेला भात तिने फेकून दिला व ती मोठ्याने रडू लागली. लोक पाहत आहेत, या संकोचाने मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तेव्हा पत्नी हळूच म्हणाली, “अहो, तिची जेवायची वेळ साडेअकराची. ती हट्ट करीत नाही. तिची भूक मरून गेली आहे.”

सायंकाळपर्यंत मुलगी मलूल झाली. दुपारपासून तिला लघवी झाली नव्हती व ओठ सुकले होते. गावी परतताच डॉक्टरांकडे न्यावे लागले. शरीरातील पाणी कमी झाल्याचे त्यांनी सांगितले. जलसंजीवनी दिल्यावर ती सावरली. पण तो धपाटा मी अद्याप विसरलेलो नाही. शिक्षा मुलीला झाली, अपराध नियोजनाचा होता.

१. लहान मुलाची प्रकृती

मोठा माणूस जेवण दोन तास लांबवू शकतो, झोप रात्रीवर ढकलू शकतो. लहान मुलास हे शक्य नाही आणि त्यास शारीरिक कारण आहे. त्याचे पोट लहान असते. १ ते २ वर्षांच्या मुलास एका वेळी पाऊण ते एक कप, म्हणजे २५० मिलिलिटरपर्यंत अन्न पुरते. मात्र असे जेवण दिवसातून ३ ते ४ वेळा व त्याखेरीज १–२ वेळा थोडा खाऊ लागतो. म्हणजेच दर अडीच-तीन तासांनी त्याच्या पोटात काही जाणे आवश्यक असते.

झोपेचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे १ ते २ वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास व ३ ते ४ वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोप हवी. यात दिवसाच्या झोपेचाही समावेश आहे. साधारणपणे दीड वर्षाच्या सुमारास दिवसाच्या दोन झोपांची एक झोप होते व ती दुपारच्या जेवणानंतर येते. पुढे ३ ते ५ वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुले ही झोपही सोडतात.

येथे एक गोष्ट पालकांस आवर्जून सांगावी. थकलेले मूल मोठ्या माणसाप्रमाणे स्वस्थ बसत नाही. उलट ते अधिक चळवळे होते, उगाच धावते, वस्तू फेकते, क्षुल्लक कारणावरून रडते. ‘एवढा दंगा करतो आहे, म्हणजे त्याला झोप आलेली नाही,’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. डोळे चोळणे, कान ओढणे, आईला बिलगणे ही झोपेची लक्षणे होत. ती दिसताच स्थळदर्शन थांबवावे.

२. आखणीची रीत

आपण प्रथम ठिकाण ठरवितो, मग गाडीची वेळ, आणि उरलेल्या वेळात मुलाचे जेवण व झोप बसवितो. हा क्रम उलटा करणे हेच या नियोजनाचे सार आहे. दिवसाच्या दोरीवर जेवणाच्या व झोपेच्या गाठी आधी माराव्यात. त्यांच्यामधील मोकळ्या जागेत जेवढी सहल बसेल, तेवढीच करावी.

(अ) सहलीपूर्वी तीन दिवस मुलाच्या उठण्याच्या, खाण्याच्या व झोपण्याच्या वेळा कागदावर टिपून ठेवाव्यात. आईला त्या तोंडपाठ असतात. तथापि सहल आखणारा बहुधा दुसराच असतो, म्हणून लिहिणे अगत्याचे.

(आ) सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण यांमधील वेळ सर्वांत उत्तम. या वेळी मूल ताजे असते व उन्हाचा तापही कमी असतो. मुख्य स्थळ याच वेळेत पाहावे.

(इ) एका दिवसात एकच परिसर निवडावा. मुलासाठी ओढ्यातील दगड, बैलगाडी, वडाच्या पारंब्या हीच प्रेक्षणीय स्थळे असतात.

(ई) दुपारच्या झोपेची जागा आधी ठरवावी. झोप प्रवासात घडवून आणायची असेल, तर प्रवास झोपेइतका लांब असावा. अकराच्या सुमारास गाडीत वीस मिनिटे लागलेली डुलकी दुपारची पुरी झोप घालविते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. म्हणून त्या सुमारास गाडीतून हलू नये. गाडी पोहोचली तरी मूल झोपेत असेल, तर त्यास उठविण्याची घाई करू नये.

३. नमुन्याचा एक दिवस

उदाहरणादाखल साताऱ्याहून वाई-मेणवलीची सहल घेऊ. सातारा ते वाई हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर असून गाडीने साधारण तासाभराचे आहे. मेणवली वाईपासून सुमारे ३ किलोमीटरवर आहे.

सकाळी ६.३० — उठणे, दूध. ७.१५ — न्याहारी.

८.०० — प्रस्थान.

९.१५ — मेणवली. कृष्णेचा घाट, नाना फडणविसांचा वाडा, तसेच १७३९ साली वसई जिंकल्यानंतर तेथून आणलेली मोठी घंटा. वाडा पाहण्याविषयी आधी चौकशी करून ठेवावी.

९.४५ — सावलीत बसून केळे किंवा लाडू व पाणी.

१०.४५ — वाई. ढोल्या गणपतीचे मंदिर व नदीचा घाट. दोन्ही घाटांवर मुलाचा हात क्षणभरही सोडू नये.

११.३० — मुलाचे जेवण.

दुपारी १२.१५ ते २.०० — झोप.

२.१५ — खाऊ व पाणी. थोडे खेळणे.

३.०० — परतीचा प्रवास. ४.१५ — घरी.

झोपेसाठी नातलगाचे घर किंवा धर्मशाळा पाहावी. शालेय सहल असल्यास तेथील एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आठ दिवस आधी पत्र घालून एक खोली मागून ठेवावी. मुलाची रोजची चादर व गोधडी बरोबर न्यावी, कारण ओळखीच्या वासाने परक्या जागीही झोप लागते. या पावणेदोन तासांत मोठ्या विद्यार्थ्यांस जेवण, विश्रांती, गाणी किंवा पाहिलेल्या स्थळाचे चित्र काढणे असा कार्यक्रम द्यावा. भर उन्हात हिंडण्यापेक्षा त्यांच्याही दृष्टीने हे हिताचे आहे.

झोपलेल्या मुलाजवळ बसण्याची पाळी मोठ्या माणसांनी वाटून घ्यावी. एकदा शाळातपासणीच्या वेळी मी चौथीच्या सहलीवरील निबंध वाचत होतो. इतरांनी पानभर मजकूर लिहिला होता. एका मुलीच्या वहीत दोनच वाक्ये होती : आम्ही सहलीला गेलो. मी गाडीत धाकट्या भावाला धरून बसले. त्या दिवशी त्या मुलीची सहल झालीच नव्हती. मोठ्या बहिणीकडे लहान भावंड सोपवून मोकळे होण्याची आपली सवय इतकी जुनी आहे, की ते गैर आहे हे आपणांस जाणवत नाही. सहल ही विद्यार्थ्याची पाठशाळा आहे. तीतून मुलींनाच वगळले जाऊ नये, याची जबाबदारी शिक्षकाची आहे.

४. शिदोरी

सहलीचा दिवस नवीन पदार्थ चाखविण्याचा नव्हे. मुलाच्या ओळखीचे, कोरडे व टिकाऊ पदार्थ घ्यावेत. दशमी, तुपाची पोळी व गूळ, राजगिऱ्याचा मऊ लाडू, केळे हे पदार्थ सोयीचे आहेत. नाचणीच्या सत्त्वाचे पीठ कोरडे न्यावे व थर्मासमधील गरम पाण्यात ऐनवेळी कालवावे.

शिजविलेले ओले अन्न दोन तासांहून अधिक वेळ तसेच ठेवलेले असेल, तर मुलास देऊ नये. सकाळी केलेला दहीभात किंवा बाटलीतील दूध दुपारी देणे धोक्याचे आहे. खिचडी न्यायचीच झाल्यास वाफा निघत असतानाच उष्णता राखणाऱ्या डब्यात भरावी. उघडताना ती कोमट लागली, तर टाकून द्यावी. पाणी घरचे, उकळून गार केलेले असावे.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, कडक गोळ्या हे पदार्थ लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. चालत्या गाडीत तर ते मुळीच देऊ नयेत. प्रेमापोटी जो तो मुलाच्या हातावर बिस्किट किंवा वेफर ठेवतो. परिणामी साडेअकराला त्यास भूक नसते व एक वाजता ते भुकेने रडते. खाऊ एकानेच, ठरल्या वेळी द्यावा.

अंगावर पिणाऱ्या मुलाच्या मातेस सावलीची व आडोशाची जागा मिळेल, असे पाहावे. दोन वर्षे व त्यापुढेही स्तनपान हितकारक मानले जाते. तेव्हा याविषयी कोणी संकोच वाटेल असे बोलू नये.

५. बेत बिघडला तर

बेत कितीही चांगला असला, तरी एखादे दिवशी मूल झोपत नाही किंवा खात नाही. अशा वेळी पुढील स्थळ सोडून द्यावे व लवकर परतावे. सोडलेले स्थळ पुढच्या वर्षी तेथेच असते.

तोंड कोरडे पडणे, रडताना अश्रू न येणे, सहा तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, मूल मलूल होणे ही शरीरातील पाणी घटल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच वैद्यकीय मदत घ्यावी. उलटी किंवा जुलाब होत असल्यास जलसंजीवनीचे १ लिटरचे पाकीट पूर्ण १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून चमच्याने थोडेथोडे पाजावे. पाणी कमी घेऊन ते घट्ट करू नये. मूल शांत बसावे म्हणून झोप आणणारे औषध कदापि देऊ नये. तसेच झोपलेल्या मुलास बंद गाडीत ठेवून पाच मिनिटेही दूर जाऊ नये. उन्हात गाडीतील हवा फार लवकर तापते.

६. शिक्षकांचे कर्तव्य

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास प्रारंभ केला. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हा इतिहास आहे. मुलाने आपल्या सोयीस यावे की आपण मुलाच्या सोयीने जावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कृतीने देऊन ठेवले आहे. सहलीस तेच तत्त्व लागू पडते.

म्हणून प्रत्येक शाळेने सहलीपूर्वीच्या पालकसभेत तीन गोष्टी कराव्यात, अशी सूचना आहे. बरोबर येणाऱ्या लहान मुलांच्या जेवणाच्या व झोपेच्या वेळा मातांना विचारून लिहून घ्याव्यात. त्या वेळा पाहूनच सहलीचे वेळापत्रक कायम करावे. आणि मुलांजवळ बसण्याच्या पाळ्या मोठ्या माणसांच्या नावानिशी ठरवाव्यात. यास एक कागद व अर्धा तास पुरतो.

वेळेवर जेवलेले व पुरेसे झोपलेले मूल सहलीत फारसे कोणास त्रास देत नाही. ते पाण्यात खडे टाकते, घंटेचा आवाज ऐकून हसते आणि घरी आल्यावर आपल्या बोबड्या बोलीत ती घंटा पुन्हा वाजवून दाखविते. त्याचे शिक्षण तेथेच सुरू झालेले असते. धपाट्याची वेळ आपण येऊ दिली नाही, एवढेच आपले त्यातील काम.