प्रश्नच चुकीचा

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायची निळी गोळी अमेरिकेत जुलै २०१२मध्ये मंजूर झाली. ‘प्रेप’ म्हणतात तो हाच उपाय. नेमाने घेतली तर शरीरसंबंधांतून होणारी लागण सुमारे ९९ टक्क्यांनी टळते. अमेरिकेतल्या स्त्रियांमध्ये कृष्णवर्णीय साधारण सातातली एक, पण स्त्रियांमधल्या नव्या निदानांत मात्र जवळपास निम्म्या त्याच. तरी प्रेप घेणाऱ्यांत त्या अगदी थोड्या. ‘जागृती कमी पडते’ हे यावरचे ठरीव उत्तर मला खरे कमी आणि सोयीचे जास्त वाटते. माहिती बाईपर्यंत पोचली नाही हे कबूल. पण ती दवाखान्यातल्या प्रश्नावलीपाशीच अडली.

ही प्रश्नावली बाईच्या वागण्याची चौकशी करते. जोडीदार किती, कंडोम वापरता का, नशेच्या सुया टोचता का? एकाच पुरुषाबरोबर राहणारी बाई इथे ‘धोका नाही’ म्हणून बाहेर पडते. विषाणू मात्र चारित्र्य पाहत नाही. निदान न झालेले, उपचार मध्येच सुटलेले लोक ज्या वस्तीत जास्त, तिथे एकच जोडीदार असूनही धोका वाढतो, आणि त्या जोडीदाराच्या रक्तात काय आहे हे तिला ठाऊक असेलच असे नाही. लैंगिक संबंध असलेल्या प्रत्येक प्रौढाला प्रेपची माहिती द्या, असे अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत यायला २०२१ उजाडले. त्याआधी २०१९मध्ये डेस्कोव्ही ही दुसरी गोळी मंजूर झाली, ती योनीमार्गे लागणीचा धोका असलेल्यांना वगळून. कारण तिची चाचणी स्त्रियांवर झालीच नव्हती. (पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया तेवढ्या होत्या.) ज्या औषधाच्या माहितीपत्रकातच ‘हे तुमच्यासाठी नाही’ अशा अर्थाचे लिहिले आहे, त्याची जागृती कुठून येणार?

यावर एक आक्षेप वजनदार आहे: गोळ्या हातात दिल्या तरी बायका घेत नाहीत. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या पाच हजारांवर स्त्रियांच्या ‘व्हॉइस’ चाचणीत बहुतेकींनी गोळी घेतो असे सांगितले. रक्ताच्या नमुन्यांत औषध सापडले तीस टक्क्यांच्या आसपास. पण गोळ्यांची डबी घरात ठेवून पाहा. उचलली की खुळखुळते, आणि तेच औषध एचआयव्हीबाधितही घेतात. नवरा, सासू, शेजारीण यांतल्या कोणी पाहिली तर खुलासा करत बसायचे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवरच झालेल्या लेनाकापाविर या इंजेक्शनच्या चाचणीचे निकाल २०२४मध्ये आले: सहा महिन्यांतून एकदा, पोटाच्या त्वचेखाली. ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजच्या जुन्या गोळीच्या गटात १,०६८पैकी १६ जणींना झाली. आफ्रिकेतला अनुभव अमेरिकेला जसाच्या तसा लागू होणार नाही, पण ‘बायकांनाच नको असते’ हे म्हणणे एवढ्याने लंगडे पडते.

राहिला पैशाचा प्रश्न. लेनाकापाविरचे स्वस्त रूप बनवण्याचे परवाने सहा कंपन्यांना मिळाले आहेत, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देणार आहेत. हे परवाने १२० देशांपुरते. अमेरिका त्यांत नाही. तिथली छापील किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर, आणि मिसिसिपी, अलाबामा, टेक्सास या राज्यांनी गरिबांच्या सरकारी विम्याची कक्षा अजून वाढवलेली नाही.