पदवी बाल्टिमोरची, काम गडचिरोलीचं

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग एम.डी. होतेच. तरी दोघांनी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९८४ साली सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स केलं आणि पुढे गडचिरोली गाठली. सोबत आणली ती संशोधनाची शिस्त. वसा आणि अमिर्झा या गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं छापलं. निरक्षर दाईला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं उपकरणही त्यांनी केलं. हे काही बाल्टिमोरला शिकवत नसावेत! ३९ गावांत त्यांनी तयार केलेल्या आरोग्यदूत स्त्रिया घरीच नवजात बाळं सांभाळू लागल्या. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर घरभेटी देतात.