उन्नत लोहमार्ग, नागरी

शहरातील रस्त्यांच्या वर स्तंभांच्या आधाराने उभारलेल्या सलग पुलावरून प्रवासी गाड्यांची जलद व वारंवार ने-आण करणारा लोहमार्ग. रस्त्यावरील वाहतुकीला न छेदता स्वतंत्र वाटेने धावणे हे त्याचे प्रमुख लक्षण होय. ट्रामगाडीला रस्ता इतर वाहनांबरोबर वाटून घ्यावा लागतो, तर भुयारी लोहमार्ग भूपृष्ठाखालून जातो; उन्नत लोहमार्ग हा या दोहोंच्या मधला पर्याय आहे. भुयार खणणे, त्यात हवा खेळती ठेवणे व पाणी उपसणे यांचा खर्च वाचत असल्याने उन्नत मार्गाला भुयारी मार्गाच्या सामान्यतः एकतृतीयांश ते निम्मा खर्च येतो आणि त्याचे बांधकामही लवकर पुरे होऊ शकते. तथापि या बचतीचा एक भाग सार्वजनिक रस्त्यावरील मोकळे आकाश विनामूल्य मिळाल्यामुळे झालेला असतो. तेथील उजेड, हवा व शांतता यांना मुकणाऱ्या रहिवाशांचे नुकसान हिशेबात धरावयाचे की नाही व ते कमी कसे करावयाचे, हा या लोहमार्गाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

इतिहास : जमिनीपासून उंचावरून लोहमार्ग नेण्याचा मोठ्या प्रमाणावरील पहिला प्रयत्न १८३६ मध्ये सुरू झालेल्या लंडन-ग्रिनिच लोहमार्गात झाला. हा मार्ग विटांच्या शेकडो कमानींच्या सलग रांगेवरून जात असे. मात्र तो रस्त्यावर नसून त्यासाठी स्वतंत्र जमीन घेतलेली होती. प्रत्यक्ष रस्त्यावर लोखंडी स्तंभ रोवून वरून गाडी नेण्याची कल्पना न्यूयॉर्क शहरात मूर्त स्वरूपात आली. तेथील ग्रिनिच स्ट्रीटवर चार्ल्स हार्वी यांनी १८६७-६८ मध्ये एकेरी स्तंभांच्या रांगेवर मार्ग उभारला. स्थिर एंजिनांनी फिरविलेल्या तारदोराने गाड्या ओढण्याची त्यांची योजना फार काळ टिकली नाही व १८७१ पासून त्या मार्गावर लहान वाफेची एंजिने धावू लागली. १८८० पर्यंत मॅनहॅटन बेटावर असे चार मार्ग झाले.

या मार्गांनी शहराच्या विस्ताराला मोठी चालना दिली; पण रस्त्यावर राहणाऱ्यांना त्यांची किंमत मोजावी लागली. खालच्या मजल्यांवर दिवसाही अंधार पडे. धूर खिडक्यांतून घरांत शिरे. निखारे, राख व तेलाचे थेंब पादचाऱ्यांवर व घोड्यांवर पडत. यातून उद्भवलेल्या स्टोरी विरुद्ध न्यूयॉर्क एलेव्हेटेड रेलरोड कंपनी या खटल्यात १८८२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. रस्त्याच्या कडेच्या मालमत्ताधारकास रस्त्यावरून मिळणारा उजेड, हवा व येण्याजाण्याची वाट यांवर मालमत्तेसारखाच हक्क आहे व तो हिरावल्यास भरपाई दिली पाहिजे, असे या निर्णयाने ठरले. रस्त्यावरील आकाश फुकट नाही, हे कायद्याने प्रथमच स्पष्टपणे मान्य केले. शिकागो येथे रस्त्यावर मार्ग नेण्यास कडेच्या मालमत्ताधारकांची संमती लागत असे. म्हणून १८९२ मध्ये सुरू झालेला तेथील पहिला उन्नत मार्ग पुष्कळ अंतर घरांच्या मागील गल्ल्यांवरून नेण्यात आला.

धूर व राख यांचा त्रास विद्युत् कर्षणामुळे नाहीसा झाला. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथील गोद्यांच्या कडेने १८९३ मध्ये सुरू झालेला मार्ग हा जगातील पहिला विद्युत् चलित उन्नत लोहमार्ग होय. त्याच्या खालून पावसात चालता येत असल्यामुळे लोक त्यास गोदी कामगारांची छत्री म्हणत. शिकागोमध्ये फ्रँक स्प्रेग यांनी १८९७-९८ मध्ये बहुघटक नियंत्रण पद्धती यशस्वी करून दाखविली. या पद्धतीत एंजिनाऐवजी अनेक डब्यांखाली विद्युत् चलित्रे बसवून ती सर्व एकाच ठिकाणाहून चालविली जातात. त्यामुळे एंजिनाचा एकवटलेला भार टळून तो सर्व गाडीभर विभागला गेला व गाडी लवकर वेग घेऊ लागली. थोड्या-थोड्या अंतरावर स्थानके असणाऱ्या नागरी लोहमार्गांत हीच पद्धती आजही वापरतात.

जागेची निवड हा नुकसान कमी करण्याचा दुसरा उपाय होता. जर्मनीतील व्हूपरताल येथे १९०१ मध्ये सुरू झालेल्या मार्गाचे डबे वरील एकाच रुळाला टांगलेले असून एकूण १३·३ किमी. मार्गापैकी बहुतेक भाग व्हूपर नदीच्या पात्रावरून जातो. बर्लिनमध्ये १९०२ मध्ये उन्नत मार्ग रुंद रस्त्यांच्या मधोमध बांधण्यात आला.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली भुयारी लोहमार्ग सुरू झाल्यावर उन्नत मार्ग जुनाट वाटू लागले. मॅनहॅटनमधील जुने चारही मार्ग १९३८ ते १९५५ या काळात बंद करून पाडण्यात आले. रस्त्यांना उजेड परत मिळाला. परंतु सेकंड ॲव्हेन्यूवरील मार्ग १९४०-४२ मध्ये गेल्यानंतर त्याच्या जागी ठरलेल्या भुयारी मार्गाचा पहिला टप्पा १ जानेवारी २०१७ रोजी सुरू झाला. म्हणजे सु. पाऊणशे वर्षे त्या भागातील प्रवाशांची गैरसोय झाली. लिव्हरपूलचा मार्ग गंजलेल्या पोलादी फरशांच्या दुरुस्तीचा खर्च न पेलल्यामुळे १९५६ अखेर बंद पडला. शिकागोतील मार्ग मात्र टिकले व १८९७ मध्ये पूर्ण झालेले तेथील मध्यवर्ती वर्तुळ अद्याप वापरात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वप्रतिबलित काँक्रीट, सलग जोडलेले रूळ व रबरी गाद्या यांच्या साह्याने पोलादी सांगाड्याचा खडखडाट पुष्कळ कमी करता येऊ लागला. मोटारगाड्यांनी रस्ते तुंबल्यामुळे स्वतंत्र मार्गाची निकडही वाढली. मानिला (१९८४), व्हँकूव्हर (१९८५) व बँकॉक (१९९९) येथील मार्ग या दुसऱ्या पिढीचे होत. भारतात कोलकात्याची १९८४ मधील मेट्रो भुयारी होती. चेन्नईत १९९५ मध्ये समुद्रकिनारा स्थानक ते चेपॉक हा अंशतः उन्नत मार्ग सुरू झाला. दिल्ली मेट्रोचा २४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालेला शाहदरा-तीस हजारी हा पहिला टप्पाही अंशतः उन्नत आहे. त्यानंतर देशातील अनेक शहरांनी त्याच धर्तीची रचना स्वीकारली.

रचना व बांधकाम : प्रथम मार्गाच्या रेषेवर ठिकठिकाणी छिद्रे पाडून मातीचे व खडकाचे परीक्षण करतात. रस्त्याखालील जलवाहिन्या, गटारे, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा शोधून हलवाव्या लागतात. जुन्या शहरांत त्यांचे नकाशे अपुरे असल्यामुळे पुष्कळदा हेच काम सर्वांत वेळ खाते. नंतर जमिनीत खोलवर काँक्रीटच्या स्थूणा (पायाचे खांब) उतरवून त्यांच्या समूहावर काँक्रीटची जाड टोपी ओततात व तीवर स्तंभ उभारतात. रस्त्याची कमीत कमी जागा जावी म्हणून दुहेरी मार्गाला सामान्यतः दुभाजकात एकच स्तंभ असतो व त्याचा माथा दोन्ही बाजूंना पसरट केलेला असतो. खालून उंच वाहने जाण्यासाठी सु. ५·५ मी. मोकळी उंची ठेवतात.

दोन स्तंभांमधील गाळा साधारणपणे २५ ते ३० मी. असतो. त्यावरील पेटीच्या आकाराची तुळई रस्त्यावर न ओतता शहराबाहेरील आवारात खंडांच्या रूपात तयार करतात. प्रत्येक खंड आधीच्या खंडाला टेकवूनच ओतल्यामुळे त्यांचे पृष्ठभाग एकमेकांशी तंतोतंत जुळतात. रात्री रहदारी कमी असताना हे खंड आणून स्तंभांवर टेकलेल्या पोलादी उभारणी-यंत्राने उचलतात, सांध्यांना चिकटद्रव्य लावतात व आतून ओवलेल्या उच्च बलाच्या पोलादी तारा ताणून सर्व खंड एकसंध करतात. गाळा पुरा झाला की यंत्र स्वतःच पुढील स्तंभावर सरकते. खालची रहदारी बव्हंशी चालू ठेवता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. मात्र खंड ताणले जाईपर्यंतचा काळ धोक्याचा असतो व तात्पुरत्या आधारांची तपासणी कायम बांधकामाइतकीच काटेकोर असावी लागते.

स्तंभ व तुळई यांचा अभिकल्प करताना गाड्यांच्या वजनाखेरीज ब्रेक लावल्यावर येणारा रेटा, वळणावरील केंद्रोत्सारी प्रेरणा, वारा, भूकंप व स्तंभावर वाहन आदळण्याची शक्यता विचारात घेतात. रूळ खडीवर न बसविता काँक्रीटच्या पट्ट्यांवर लवचिक गाद्या घालून बसविल्याने वजन व देखभाल कमी होते. उन्हाने तुळई व सलग जोडलेले रूळ कमीअधिक प्रमाणात प्रसरण पावतात. त्यामुळे उद्भवणाऱ्या प्रेरणा रुळांच्या पकडींनी सोसाव्या लागतात.

स्थानकात मधल्या मजल्यावर तिकीटघर व वरच्या मजल्यावर फलाट असतात. सरकते जिने व उद्वाहक यांवाचून असे स्थानक वृद्धांना व अपंगांना निरुपयोगी ठरते. स्थानके मार्गापेक्षा पुष्कळ रुंद असल्यामुळे रस्त्यावर सर्वाधिक सावली त्यांचीच पडते; अरुंद रस्त्यांवर जिन्यांसाठी पदपथाची जागा जाते.

आवाज मुख्यत्वे चाक व रूळ यांच्या घर्षणातून निर्माण होतो. भारी काँक्रीट, कडेच्या भिंती, रूळ घासून गुळगुळीत ठेवणे व तीव्र वळणे टाळणे हे त्यावरील उपाय होत. त्यांमुळे आवाज कमी होतो. तथापि तुळईच्या पातळीवरील खिडक्यांना मिळणारा एकांत त्यांनी परत मिळत नाही.

मुंबईतील पहिला मार्ग : मुंबईचे उपनगरी लोहमार्ग प्रामुख्याने दक्षिणोत्तर धावतात, त्यांना जोडणारी पूर्व-पश्चिम वाहतूक दीर्घकाळ अरुंद रस्त्यांवरच अवलंबून होती. ही उणीव भरून काढण्यासाठी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा ११·४ किमी. लांबीचा व १२ स्थानकांचा संपूर्ण उन्नत मार्ग आखण्यात आला. त्याची कोनशिला जून २००६ मध्ये बसविण्यात आली, बांधकाम फेब्रुवारी २००८ मध्ये सुरू झाले व ८ जून २०१४ रोजी तो प्रवाशांसाठी खुला झाला. रुळांचे माप १,४३५ मिमी. असून गाड्यांना वरील तारेतून २५,००० व्होल्ट दाबाचा प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाह मिळतो. रस्त्याने गर्दीच्या वेळी तासाहून अधिक वेळ घेणारा हा प्रवास सु. २१ मिनिटांत होतो.

या मार्गातील अवघड कामे दोन ठिकाणी होती. पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडण्यासाठी मनोऱ्यांना बांधलेल्या पोलादी केबलींनी तोललेला पूल बांधावा लागला. अंधेरी येथे पश्चिम रेल्वेच्या अखंड रहदारीच्या रुळांवर पोलादी पूल बसवावा लागला. बांधकाम चालू असताना ४ सप्टेंबर २०१२ रोजी मरोळ भागात एक भाग कोसळून एक कामगार मृत्युमुखी पडला व अनेक जखमी झाले. खर्चाचा मूळ अंदाज २,३५६ कोटी रु. होता, पुढे मार्ग बांधणाऱ्या कंपनीने तो ४,३२१ कोटी रु. सांगितला, पण मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने त्यास मान्यता दिली नाही. भाड्याच्या दरांवरूनही न्यायालयीन वाद झाला. अरुंद जयप्रकाश मार्ग व अंधेरी-कुर्ला रस्ता यांवर तुळई काही ठिकाणी इमारतींच्या अगदी जवळून जाते.

पुढील मार्ग आखताना रुंद रस्ते निवडलेले दिसतात. २०२२-२३ मध्ये सुरू झालेले मार्ग २ अ व ७ हे अनुक्रमे नवा जोडरस्ता व पश्चिम द्रुतगती महामार्ग यांवरून जातात. दाट वस्तीच्या दक्षिण मुंबईकडे जाणारा मार्ग ३ मात्र जवळजवळ पूर्णपणे भुयारी करण्यात आला व ऑक्टोबर २०२५ मध्ये तो कफ परेडपर्यंत पूर्ण झाला.

महाराष्ट्रातील इतर शहरे : नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. तेथील वर्धा मार्गावर ३·१४ किमी. लांबीत एकाच स्तंभरांगेवर खाली मोटारींचा उड्डाणपूल व वर लोहमार्ग अशी दुमजली रचना आहे. दोन बांधकामांची जागा एकातच भागविल्याने रस्त्याची बचत झाली. पुण्यात मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली व शिवाजीनगर-स्वारगेट हा जुन्या वस्तीतील भाग भुयारी ठेवण्यात आला. २०२१ मध्ये लकडी पुलावरील मेट्रोच्या बांधकामाची उंची गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीतील उंच रथांना अडथळा ठरेल, अशी हरकत गणेश मंडळांनी घेतली होती. रस्त्यावरील मोकळी जागा कोणाच्या ना कोणाच्या वापरात असते, हे यावरून दिसून येते.

उपयुक्तता व मर्यादा : उन्नत मार्ग रुंद रस्ता, नदीकाठ वा नवी वस्ती यांना विशेष अनुकूल ठरतो, अरुंद रस्ते, प्राचीन वास्तू व दाट वस्ती यांच्या ठिकाणी भुयारी मार्गाचा जादा खर्च समर्थनीय ठरू शकतो. रस्त्याची रुंदी, कडेच्या इमारतींचे अंतर, स्थानकांखालील पदपथ आणि जोडबसगाड्यांची सोय यांचा विचार आखणीच्याच वेळी करावा लागतो. कारण स्तंभ उभे राहिल्यानंतर मार्गाची रेषा बदलणे व्यवहारतः अशक्य असते.