रंगाचा कारखानदार : कस्तुरभाई लालभाई

सुरत शहराच्या दक्षिणेस पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. खानदेशातून पोटासाठी गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे तिच्या आसपास राहतात. त्यांपैकी एका घरी माझे जाणे-येणे आहे. तेथे 'मिल' म्हणजे सूतगिरणी नव्हे. मागावरून आलेले कोरे कापड रंगविणारा, छापणारा कारखाना म्हणजे मिल. कापड बहुतेक पॉलिएस्टरचे, आणि हा धागा मोठा हट्टी. पाण्यात न विरघळणाऱ्या रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात पसरवून, बंद यंत्रात दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे, तेव्हा कुठे धाग्याची रचना सैल होते व रंग आत शिरतो.

हे रंग करणारे लहानमोठे कारखाने आज गुजरातेत अनेक आहेत आणि त्यांतले बरेच एकेका घराण्याच्या हाती आहेत. या वाटेवर मोठे पाऊल टाकणाऱ्यांपैकी एक म्हणजे अहमदाबादचे कस्तुरभाई लालभाई (१८९४–१९८०).

१९१२ साली वडील वारले, तेव्हा कस्तुरभाई कॉलेजात होते. वय सतरा. शिक्षण सोडून त्यांनी घरची रायपूर मिल हाती घेतली. पदवी राहिली ती राहिलीच. १९३१ मध्ये अरविंद मिल उभी राहिली. कापूस देशातला, मजूर देशातला, गिऱ्हाईकही देशातले; रंग मात्र बव्हंशी परदेशातून यायचा. महायुद्धात ती आवक आटली, तेव्हा हे परावलंबन गिरणीमालकांना चांगलेच जाणवले.

सप्टेंबर १९४७ मध्ये त्यांनी 'अतुल' ही कंपनी स्थापन केली. वलसाडजवळ पार नदीच्या काठी कारखाना उभारला गेला आणि १७ मार्च १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कस्तुरभाई रसायनशास्त्रज्ञ नव्हते. तंत्रज्ञान त्यांनी अमेरिकन सायनामिड कंपनीकडून घेतले. कारखाना उभारण्याची व चालविण्याची धुरा बी. के. मजुमदार यांच्यावर सोपविली. पुढे ब्रिटनची आय. सी. आय. व स्वित्झर्लंडची सीबा यांच्याशी भागीदारीचे उद्योगही निघाले. घराण्याचा पैसा, परक्याचे ज्ञान आणि विश्वासू माणसाच्या हाती कारभार, अशी ही घडण होती. आपल्याकडे 'घरचा धंदा' म्हटले की गल्ल्यावर मुलगाच बसला पाहिजे, असे मानतात! अर्थात घराणे दूर सरले नाही. मुलगा सिद्धार्थ यांनी अतुलची सूत्रे सांभाळली, नंतर नातू सुनील अध्यक्ष झाले.

इथवरची कथा अभिमानाची आहे. पण रसायनाचा विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारील: पाण्याचे काय? रंग तयार करताना हाती येणाऱ्या मालाच्या अनेक पट खारट, आम्लयुक्त पाणी मागे उरते. आपल्याकडे जलप्रदूषणाचा कायदा झाला १९७४ साली. त्याआधी नदीत काय सोडायचे हे बरेचसे मालकाच्या विवेकावरच होते, आणि विवेकाला हिशेबाच्या वहीत रकाना नसतो.

तीच गोष्ट रंग वापरणाऱ्यांची. पांडेसऱ्याच्या मिलांना पाणी अफाट लागते. २०१४ पासून बमरोली येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते या मिलांना पुरविण्याची सोय सुरत महानगरपालिकेने केली. क्षमता दररोज ४ कोटी लिटर. हा उपाय मला मोलाचा वाटतो, कारण पिण्याचे पाणी तेवढे वाचते.

परंतु ६ जानेवारी २०२२ रोजी, पांडेसऱ्याहून थोड्याच अंतरावरील सचिन वसाहतीत, पहाटेच्या अंधारात एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात होते. विषारी वायू पसरला. शेजारच्या छपाईच्या मिलमधले कामगार बेशुद्ध पडले व सहा जण दगावले. ते रसायन त्यांच्या मिलचे नव्हतेच.